पिन कोणी टाकला?

तोंडात तर्रीपोह्याचा घास आणि कानाला फोन, अशा अवस्थेत दिलेला सल्ला होता तो. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून मुनीमजी बोलत होते.

"सर, नेट नाही चालू होऊन राह्यलं जी. सिमचं काहीतरी विचारते."

म्हटलं, मशीन बंद करून चालू करा. दहा मिनिटांनी परत फोन. म्हटलं, पुन्हा एकदा करा, नीट बंद होऊ द्या. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या आमच्या धंद्यातला हा रामबाण. निम्मी गिऱ्हाइकं यावरच निपटतात आणि मे महिन्यात सीताबर्डीहून वाडीपर्यंत डोक्याला दुपट्टा गुंडाळून जावं लागत नाही. तिसरा फोन शेठचा होता. "भाऊ, दोन गाड्या उभ्या आहेत माझ्या. तू येऊनच जा."

गेलो.

त्या ऑफिसात डेस्कटॉपला डोंगल, म्हणजे आत सिम घालून नेट देणारी यूएसबीची कांडी, लावावं लागतं, कारण सिमेंट रोडच्या खोदकामात त्यांची केबल तुटली ती तुटलीच. मशीनवर लिनक्स आहे, मीच टाकलेलं. डोंगल लावलं की ते आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणवतं, मग एक छोटा प्रोग्राम त्याला हुकूम सोडतो आणि तेव्हा कुठे ते मोडेम होतं. समोरच्या यूएसबी पोर्टवर लावलं तर कधी कधी करंट पुरत नाही, मोडेम मध्येच मरून पुन्हा जन्म घेतं. म्हणून मागच्या पोर्टला, आखूड वायरीने. हे सगळं मी तिथे एकदाच बसवलं आणि वर्षभर कोणाची तक्रार नव्हती.

त्याहून मोठा पराक्रम ओटीपीचा. माल गाडीने न्यायला जे ई-वे बिल ऑनलाइन काढावं लागतं, त्याच्या लॉगिनला आता ओटीपी लागतो, तो येतो जीएसटीत नोंदवलेल्या नंबरवर, आणि त्या नंबरचं सिम नेमकं डोंगलात. मी बारा-चौदा ओळींचा प्रोग्राम लिहिला, जो डोंगलमधले एसएमएस वाचून स्क्रीनवर दाखवतो. शेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. आणि असं सिम कोणी काढून नेऊ नये म्हणून त्याला पिन लावला, तोही मीच. रोज सकाळी मुनीमजींना टाकावा लागू नये म्हणून तो कनेक्शनच्या फाइलीत जतन करून ठेवला.

आता स्क्रीनवर मोडेमची अवस्था बघितली, तर सिम पीयूके, म्हणजे लॉक झालेलं सिम उघडायचा कोड, मागत होतं. म्हणजे तीन चुकीचे पिन होऊन गेलेले. आता आठ आकडी पीयूके हवा. तो दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं.

"काका, तीनदा चुकीचा पिन टाकला तुम्ही."

"मी काहीच नाही टाकलं जी. ते चौकोन आलं की मी रद्द करत होतो."

"सिम आपोआप लॉक होत नसते काका."

हे मी शेठसमोर बोललो. कुलरच्या आवाजात ऐकू यावं म्हणून जरा मोठ्याने. शेठ हसले. "तुझे पाचशे मुनीमजींच्या पगारातून कापतो." मुनीमजी काही बोलले नाहीत. बिल्ट्यांचा गठ्ठा उगाच सरळ करत बसले.

माझ्या फोनचं नेट यूएसबीने मशीनला दिलं, पण ओटीपी त्या मेलेल्या सिमवरच येणार, तर काय उपयोग? ई-वे बिलाच्या पार्ट बीमध्ये गाडी नंबर भरल्याशिवाय माल हलवायचा कसा? ड्रायव्हर दारात बसून खर्रा घोटत होते. कस्टमर केअरला फोन लावला. सिम शेठच्या वडिलांच्या नावावर, ते वारले. तिकडून ठरलेल्या गोड आवाजात उत्तर आलं, ज्यांच्या नावावर नंबर आहे त्यांनाच गॅलरीत घेऊन या. शेठ म्हणाले, "त्यांना आणायला मोक्षधामला जावं लागते." तिकडची बाई पुन्हा तेच वाक्य म्हणाली.

तेवढ्यात मुनीमजी उठले. कपाटातून एक फाइल काढली, दोरी सोडली, आणि सिम ज्यातून तोडून काढतात ते प्लास्टिकचं कार्ड समोर ठेवलं. बिलासोबत स्टेपल केलेलं. मागे पीयूके छापलेला. वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, ते कार्ड जपून ठेवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. लोक ते रिक्षातच फेकतात.

फक्त स्टेपलरची पिन नेमकी सहाव्या आकड्यातून गेली होती. तीन की आठ, कळेना. मुनीमजींनी चष्मा काढून कार्ड उजेडात धरलं, म्हणाले तीन. मी म्हटलं आठ, आणि आठ टाकला. चुकला. दहाचे नऊ राहिले. मग तीन टाकला, आणि सिम उघडलं. नवा पिन ठेवला, ओटीपी आला, दोन्ही बिलं निघाली, गाड्या गेल्या.

जायच्या आधी खात्री करावी म्हणून मशीन एकदा बंद करून चालू केलं. नेट आलं नाही. पिनचे किती प्रयत्न उरलेत ते बघितलं: दोन.

कीबोर्डला कोणी हातही लावला नव्हता.

तेव्हा लॉग उघडला, मशीन काय काय करतं त्याची नोंदवही. मशीन सुरू होताच फाइलीतला जुना पिन स्वतःहून सिमला देत होतं. शेठच्या भाच्याला फोन केला. रविवारी ऑफिस बंद असताना ओटीपीसाठी त्याने सिम आपल्या मोबाइलमध्ये टाकलं होतं, आणि १२३४ हा काय पिन असते का, म्हणून बदलून टाकला. कोणाला न सांगता. आजकालच्या पोरांना सुरक्षितता फार कळते! (१२३४ ठेवणाऱ्याने हे बोलावं की नाही, तो भाग वेगळा.) लॉगमध्ये सकाळच्या तीन नोंदी होत्या. पहिली मुनीमजींनी ऑफिस उघडलं तेव्हाची. दुसरी आणि तिसरी माझ्या पोह्यांच्या वेळच्या. सिमच्या आतली ती मोजणी वीज बंद केल्याने पुसली जात नाही, बरोबर पिन किंवा पीयूके पडला तरच पुन्हा तीन होते. हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकांना मी हे शिकवतो.

फाइलीत नवा पिन भरला, पुन्हा तपासलं, नेट आलं. शेठ फोनवर होते. त्यांनी बोलता बोलताच पाचशेची नोट पुढे केली, मी खिशात घातली आणि गाडीला किक मारली.

दोन दिवसांनी मुनीमजींना फोन करून खरं काय ते सांगितलं. "जाऊ द्या जी," म्हणाले, "चालू आहे ना आता." पगारातून खरंच कापले का, ते विचारायची हिंमत झाली नाही. शेठला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला मुनीमजींचा फोन येतो. "सर, मशीन बंद करू का जी?" मी म्हणतो, करा काका, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी परत येतो.