फोन बाबांच्या शिफ्टला गेलाय

पालकसभेत एक आई उभ्याच राहिल्या, "मॅडम, आम्ही पोरांच्या हातातनं मोबाइल काढता काढता दमलो आणि तुम्ही शाळेतनंच द्यायला लागलात होय?" सगळे हसले, मी पण हसले, पण त्यांचं काही चुकत नव्हतं.

झालं असं की मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका शाळेत लायब्ररी बघते, सहावी-सातवीची पोरं मधल्या सुट्टीत येतात, पण त्यांना आवडतील अशी पुस्तकं मोजकीच आणि त्यांचीही निम्मी पानं सुटलेली, म्हणून यंदा 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, चॅलेंज लावलं. 27 फेब्रुवारीपर्यंत दहा ई-बुकं वाचायची. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, नाशिककरांना दुसरी तारीख सुचणारच नाही.

पहिल्याच आठवड्यात एक पठ्ठ्या दहाची दहा संपवून हजर. गोष्टीत काय झालं रे विचारलं तर म्हणे, "शेवटपर्यंत स्क्रोल केलं ना मॅडम." मी आकडा मागितला, त्याने आकडा दिला, संपलं. मग नियमच बदलला, वाचलेली गोष्ट घरात कुणालातरी सांगायची आणि ऐकणाऱ्याने वहीत सही करायची. संख्या गेली खड्ड्यात.

खरी अडचण पुढे कळली. बऱ्याच घरी चांगला फोन एकच, तो बाबांचा, आणि बाबा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, म्हणजे फोन घरी येतो तेव्हा पोरगं ढाराढूर. मग शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर कॉम्प्युटर लॅब उघडी ठेवायला लागलो, आणि ज्यांना फोन रविवारीच मिळतो त्यांना आधीच फाइल डाउनलोड करून द्यायची म्हणजे नेटपॅकची रड नको. यातनं अजून एक शिकले, शक्यतो पीडीएफ देऊ नका. छोट्या स्क्रीनवर अक्षर मोठं केलं की ओळ बाहेर पळते, पोरं डावीकडे-उजवीकडे सरकवत बसतात आणि कंटाळतात. ईपब नावाच्या ई-बुकच्या फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नीट बसतात.

पुस्तकं कुठली? लहान गोष्टींसाठी प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट, मराठी भरपूर, सोप्यापासून अवघडपर्यंत चार लेव्हल, फुकट. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ मी देत नाही, भले कुणी मला खडूस म्हणो. आणि मोठ्यांसाठी 'श्यामची आई'. साने गुरुजी 1950 ला गेले, आपल्याकडे लेखक गेल्यावर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे ते वाटायला काही हरकत नाही. गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या जेलमध्ये लिहिलं म्हटल्यावर एक मुलगी ओरडलीच, "जेलरोडला माझा मामा राहतो!" त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या पोरांनी ते मागितलं, माझ्या अख्ख्या भाषणाने जे झालं नसतं ते मामाने केलं.

तिची वही परवा तपासली. मामाची सही आहेच, पण त्याखाली तिच्या आजीची पण. आजीला छापील पुस्तकाचं बारीक अक्षर दिसत नाही म्हणून नातीने फोनवर अक्षर एवढं मोठं करून दिलं की एका स्क्रीनवर चारच ओळी मावतात, तरी आजी स्वतः वाचतेय. सहीशेजारी वाकड्या अक्षरात लिहिलंय, "रविवारी फोन आधी मला."