एक कॉलम काढायला गेलो आणि सेकंद उडाले

काम पाच मिनिटांचं होतं खरंतर. मशीनच्या लॉगची (तारीख-वेळेसकट नोंदींची) सीएसव्ही फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेला साधा मजकूर, मार्च २०२४ ची, त्यातला एक कॉलम काढायचा आणि फाईल पुढे पाठवायची, बस. डबल क्लिक केलं, एक्सेलमध्ये उघडली, कॉलम उडवला, सेव्ह करून दिली पाठवून.

दुसऱ्या दिवशी फोन, अहो मार्चच्या डेटात डिसेंबरच्या नोंदी कुठून आल्या?

आधी वाटलं मशीनचंच घड्याळ बिघडलंय (आपलं चुकलं असेल हे शेवटी सुचतं). मग नीट बघितलं तर १ ते १२ तारखेच्या नोंदी सेलमध्ये उजवीकडे चिकटलेल्या आणि १३ पासून पुढच्या सगळ्या डावीकडे. तिथे ट्यूब पेटली. फाईलमध्ये दिवस आधी आणि माझ्या कॉम्प्युटरचं सेटिंग महिना आधी, म्हणून १२/०३ चं झालं ३ डिसेंबर, आणि तेरावा महिना नसतोच त्यामुळे १३/०३ ला एक्सेलने हात न लावता टेक्स्ट म्हणून सोडून दिलं. म्हणजे जिथे त्याला तारीख कळली तिथेच वाट लागली!

त्याहून वाईट म्हणजे सेकंद. टेक्स्ट राहिलेल्यांचे सेकंद शाबूत, तारीख झालेल्यांचे गायब. एक्सेल तारीख आकडा म्हणून ठेवतं, १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२ आणि दुपारचे बारा म्हणजे वर ०.५, त्या आकड्यात सेकंद असतात पण सेलमध्ये दिसतात फक्त तास-मिनिटं, आणि सीएसव्ही सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहिलं जातं. नंतर सेव्ह झालेली फाईल परत उघडून, फॉरमॅट बदलून सेकंद दाखवायला लावले तर सगळीकडे :०० :०० :००. गेले ते गेलेच.

नशिबाने मूळ फाईल मेलमध्ये होती. यावेळी डबल क्लिक नाही, कोरी शीट उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, मग ट्रान्सफॉर्म, आणि तारखेच्या कॉलमला यूजिंग लोकेल वापरून इंग्लिश युनायटेड किंगडम दिलं, की बाबा दिवस आधी आहे. सगळ्या तारखा मार्चमध्ये आल्या. सेव्ह करायच्या आधी कस्टम फॉरमॅट लावला, वर्ष-महिना-दिवस आणि पुढे सेकंदांसकट वेळ, म्हणजे समोरच्याचं सेटिंग काहीही असो, गोंधळ व्हायला नको.

एवढं सगळं करून झाल्यावर लक्षात आलं की मला त्या तारखांवर काहीच हिशोब करायचा नव्हता, कॉलमचा टाईप सरळ टेक्स्ट ठेवला असता तरी भागलं असतं. असो. शेवटची तपासणी मात्र नोटपॅडमध्ये केली, कारण एक्सेलमध्ये परत उघडली असती तर सेकंद परत दिसलेच नसते आणि मी परत घाबरून काहीतरी करून बसलो असतो.