ग्वालियाच्या सरकारी हॉटेलचा माग काढताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळात महिन्यातून एकदा कुणीतरी एखादा विषय मांडतं. माझी पाळी आली तेव्हा मी पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ग्वालिया घेतलं. भाचा पर्थला खाणकामात आहे. त्यानं पाठवलेले तिथल्या रिकाम्या पत्र्याच्या घरांचे फोटो डोक्यातून जाईनात. ग्वाल्हेरशी किंवा शिंद्यांशी या गावाचा काही संबंध नाही, हे मात्र सगळ्यांना आधीच सांगून टाकलं.

शोधायला बसलं की पहिल्यांदा हर्बर्ट हूव्हरच समोर येतो. 1896 मध्ये तिथं सोनं सापडलं. 1898 मध्ये हा तेवीस वर्षांचा अमेरिकन इंजिनिअर खाणीचा मॅनेजर झाला, त्यानं कमी पगारावर इटालियन मजूर लावले आणि वर्षअखेरीस चीनची वाट धरली. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला, म्हणून एवढं कौतुक. काही महिन्यांच्या पाहुण्यावर तासभर बोलायची माझी काही तयारी नव्हती. मला ते हॉटेल हवं होतं.

पर्थपासून आठशेहून जास्त किलोमीटरवर, गोणपाट आणि पत्र्याच्या झोपड्यांच्या गावात 1903 मध्ये विटांचं दुमजली हॉटेल उभं राहिलं, आणि तेही सरकारनं बांधलेलं. गावात चोरून दारू विकली जायची, ती बंद पाडायची तर आपणच उघडपणे विकावी, असा हिशोब. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं ते पहिलं सरकारी हॉटेल. इथं ठेक्यांचे लिलाव पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण स्वतः सरकारच गल्ल्यावर बसलंय, ही कल्पना मला भारीच आवडली.

जुनी वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर फुकट वाचायला मिळतात. एका बाजूला छापील पान, दुसऱ्या बाजूला यंत्रानं वाचलेला मजकूर. छपाईच्या झिजलेल्या खिळ्यांपुढे यंत्र हात टेकतं, त्यामुळे नुसतं हॉटेलचं नाव टाकून भागत नाही. राज्य आणि वर्ष ठरवून घ्यायचं आणि 'कालगुर्ली मायनर'ची पानं एकेक करून चाळायची. चुकलेली ओळ वाचकानंच दुरुस्त करायची सोय आहे. रात्री जेवणं आटोपली की मी तेच करत बसायची. ह्यांना वाटायचं, मला परदेशी नोकरी लागली.

अडचण पुढे आली. तिथली बहुतेक वर्तमानपत्रं कॉपीराइटमुळे 1954 पर्यंतच मिळतात आणि खाण बंद झाली ती 28 डिसेंबर 1963 ला. त्यापुढचं सगळं तिथल्या संग्रहालयाच्या माहितीवरून आणि भाच्याला पिडून मिळवलं. तीन आठवड्यांत सुमारे बाराशे माणसांपैकी जेमतेम चाळीस उरली. लोक घरातलं सामान जागच्या जागी टाकून गेले. प्यायलाच कुणी उरलं नाही म्हटल्यावर हॉटेलचाही कारभार आटोपला. इमारत अजून उभी आहे आणि खाण तर पुन्हा चालू झाली आहे. आता ट्रक थेट जमिनीच्या पोटात खोलवर जातात.

भाषण बरं झालं. हूव्हरबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. गाडी अडली ती एका ओझरत्या उल्लेखावर: खाणीच्या बॉयलरसाठी रानातून लाकूड आणणारी छोटी रेल्वे. नॅरोगेजवर नोकरी केलेले एक काका ताठ होऊन बसले. "रुंदी किती?" मी म्हटलं, "वीस इंच." आपली दोन फूट रुंद रुळांवरची ग्वाल्हेर-श्योपूर गाडी जगात सगळ्यात बारकी, असं ते आम्हाला कायम सांगत आलेले. त्यांना काही ते पटेना. शेवटी भाच्याकडून तिथल्या इंजिनाचा फोटो मागवून त्यांना पाठवला. त्यावर त्यांचा निरोप आला: पुढच्या महिन्यात मी बोलणार, विषय आपली नॅरोगेज, आणि वेळ दीड तास हवा.