तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या बसचा पत्रा बदलावा की दुरुस्त करावा?

आमचे फिरते वाचनालय ज्या जुन्या बसमध्ये चालते, ती गावात उभी राहिली की पुस्तकांइतकीच तिच्या पत्र्यांचीही चौकशी होते. ज्यांनी स्वतः जुनी बस घेऊन तिचे घर किंवा खानावळ केली आहे, ते तर हमखास विचारतात, की पत्रा चेपला किंवा सडला तर तो ठोकून भरून घ्यावा की सरळ नवा लावावा. माझे उत्तर असे, की हा निर्णय पत्रा पाहून घेऊ नये, त्याच्या मागचा सांगाडा पाहून घ्यावा.

आमच्या बसच्या चासीवर पोलादी चौकोनी पाइपांचा सांगाडा आहे, त्यावर बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकलेला आहे आणि आतून ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचतंतूंचा कापूस), प्लायवूड व पुस्तकांची कपाटे आहेत. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकलेले असताना मध्ये खारट ओल शिरली, की दोन धातूंचा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. समुद्राची खारी हवा आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस असलेल्या गोव्यात ही झीज थांबायला फारशी उसंत मिळत नाही. बाहेरून दिसते ते एवढेच, की रिव्हेटभोवती रंगाला बारीक फोड येतो आणि तो नखाने उकरला की पांढरी भुकटी निघते. तिथूनच तांबूस ओघळही उतरलेला असेल, तर मागचा पाइप गंजू लागला आहे असे समजावे. अशा जागी पुट्टी भरून रंग मारू नये, हे मी आग्रहाने सांगते, कारण गंज आत चालूच राहतो आणि वरून गाडी धडधाकट दिसते.

नुसते चेपणे ही वेगळी गोष्ट आहे. पेडण्याकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला, तेव्हा आमच्या बसची डावी बाजू चिऱ्यांच्या गडग्याला घासली. आतून पाहिले तर पाइप सरळ होता आणि रिव्हेट घट्ट होते, म्हणून तो पत्रा आम्ही बदलला नाही. चेपलेले ॲल्युमिनियम आधीच ताणले गेलेले असते. त्यावर हातोडी चालवत राहिले, तर ते आणखी पसरते, कडक होते आणि शेवटी तडकते. आमच्या मेस्तांनी आतून लाकडी हातोड्याने तो बेताने वर उचलला, चिऱ्याने खरवडलेल्या जागी ॲल्युमिनियमला धरणारा प्रायमर मारला आणि पुट्टीचा अगदी पातळ थर दिला. थोडा खोलगटपणा अजून दिसतो, आणि तो तसाच राहिला तरी बसचे काहीही बिघडत नाही.

मागच्या चाकामागचा खालचा पत्रा मात्र बदलावाच लागला. खिडकीच्या जुन्या रबरातून झिरपलेले पाणी भिंतीच्या आतून खाली उतरत होते आणि ते बाहेर पडण्याची भोके चाकाने उडवलेल्या तांबड्या चिखलाने बुजली होती. मुलांच्या पुस्तकांचे कपाट हलवून प्लायवूड काढले, तेव्हा ग्लासवूल पिळून पाणी निघेल इतके भिजलेले होते, आणि तळाच्या पाइपावर स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला तर तो सरळ आत गेला. असा पाइप निरोगी लोखंड लागेपर्यंत कापून त्याच मापाचा नवा जोडावा लागतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवाव्यात आणि ग्लासवूल, लाकूड, कागद असे सारे दूर न्यावे. वाचनालयाच्या बसमध्ये तर याबाबत कसलीही तडजोड नको. जोडाची घासणी झाली की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा, कारण इथल्या हवेत उघडे लोखंड एक रात्र राहिले तरी सकाळी त्यावर तांबूस थर दिसतो.

नवा पत्रा जुन्याच्याच जाडीचा घेतला आणि पाइप व पत्रा एकमेकांना थेट टेकू नयेत म्हणून मध्ये ब्यूटाइल या चिकट रबराची पट्टी दिली. आतली बाजू उघडीच असल्याने भरीव रिव्हेट वापरता आले, कारण त्यांना बाहेरून ठोकणारा एक आणि आतून डॉली, म्हणजे टेकूचा जड लोखंडी ठोकळा, धरणारा दुसरा अशी दोन माणसे लागतात. आतून हातच पोहोचत नसेल तर पॉप रिव्हेटला, म्हणजे मधली पिन ओढून बाहेरूनच बसवता येणाऱ्या पोकळ रिव्हेटला, पर्याय नाही; मात्र त्याची पिनही ॲल्युमिनियमचीच असावी, नाहीतर आत राहिलेला पोलादी तुकडा गंजतो. ॲल्युमिनियम उन्हात पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून मेस्तांनी रिव्हेट भर दुपारी, पत्रा तापलेला असताना मारले. सकाळच्या गारव्यात मारले असते, तर दुपारी पत्र्याला फुगवटे आले असते. सांधे भरायला सिलिकॉन नको, पॉलियुरेथेन घ्यावे, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही. खालची कड मात्र बंद करू नये. पाण्याला वाट हवी.

परवानगीबद्दलही विचारतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा रोख वाहनाच्या मूळ रचनेत केलेल्या बदलांवर आहे. सडलेल्या पत्र्याजागी तसाच पत्रा लावणे ही दुरुस्ती होय. पण त्या निमित्ताने नवे दार पाडायचे किंवा बसची लांबी-उंची बदलायची असेल, तर आधी वाहतूक खात्यात जावे.

हे काम चवथीनंतर पाऊस पुरता ओसरल्यावर काढावे. आणि तुमची बस अजून आतून सजायची असेल, तर भिंतीलगतचे कपाट किंवा ओटा गोंदाने कायमचा चिकटवू नका, स्क्रूने बसवा आणि स्क्रूंची डोकी हाताशी ठेवा. मुलांचे कपाट आम्ही आता तसेच बसवले आहे. मोठा पाऊस होऊन गेला की ते सोडवून तळाच्या पाइपावर टॉर्च मारतो आणि पाण्याच्या भोकांतून तार फिरवतो.