"आई, हळू बोल ना"

रविवार, रात्रीचे पावणेबारा. उद्या सोमवार, डब्याची तयारी काहीच नाही, तरी लिहायला बसलेय.

दुपारी ग्रोसरीला गेलो होतो आणि मी नेहमीसारखी लांबूनच ओरडले, "अगं कोथिंबीर घेतलीस का?" तर लेक जवळ येऊन दात-ओठ खात म्हणाली, "आई, हळू बोल ना, नाहीतर इंग्लिशमध्ये बोल." १४ वर्षांची आहे. मी काही बोलले नाही, कोथिंबीर उचलली आणि बिलाच्या लाइनीत जाऊन उभी राहिले. पण लागलंच.

घरी येईपर्यंत डोक्यात क्लोई किम घोळत होती. अमेरिकेची स्नोबोर्डवाली, बर्फात फळीवरून उड्या मारणारी. जन्म कॅलिफोर्नियातला, आईबाबा कोरियाचे, बाबांनी तर पोरीच्या खेळापायी इंजिनीअरची नोकरी सोडलेली. २०१४ च्या ऑलिंपिकला वय कमी पडलं म्हणून जाता आलं नाही आणि मग २०१८ ला ऑलिंपिक आलं ते थेट आईबाबांच्या देशात, प्योंगचांगला. १७ वर्षांची पोरगी! फायनल चालू असताना सकाळचं सँडविच संपवलं नाही म्हणून भूक लागलीय असं ट्वीट करत होती (हे मला फार आवडलं होतं). शेवटच्या रनच्या आधीच गोल्ड पक्कं झालेलं, आरामात खाली आली असती तरी चाललं असतं, पण बाईसाहेबांनी लागोपाठ दोन '१०८०' उड्या मारल्या आणि १०० पैकी ९८.२५ घेतले. आजी प्रेक्षकांत, नातीची स्पर्धा पहिल्यांदाच समोर बसून बघत होती. कोरियावाले लगेच आपली आपली म्हणायला लागले, तसं काय, सुनीता विल्यम्स अंतराळात गेली की आपण पण तेच करतो.

पण नंतर, २०२१-२२ मध्ये, तिने जे सांगितलं ते जास्त लक्षात राहिलं. लहानपणी मेडल जिंकायला लागल्यावर लोक आशियाई म्हणून वाट्टेल ते बोलायचे, अंगावर थुंकायचे सुद्धा, तेव्हा तिने चारचौघांत आईबाबांशी कोरियन बोलणंच बंद केलं होतं, आपण आशियाई आहोत याचीच लाज वाटायची म्हणे. आणि ते ऑलिंपिकचं गोल्ड, ते तर घरी आल्यावर कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं एकदा, इतका वैताग आलेला सगळ्याचा.

म्हणजे माझ्या पोरीलाही शाळेत कोणी काही बोलत असेल का? हे मी आजवर विचारलेलंच नाही. मराठी शाळेला दांडी मारली म्हणून कटकट मात्र दर रविवारी करते.

रात्री जेवताना तो २०१८ चा व्हिडिओ लावला, काही न बोलता. आधी फोनमध्येच डोकं होतं तिचं, मग वर बघितलं, मग पोळी हातात तशीच. "१०८० म्हणजे किती गिरक्या?" तीन, म्हटलं. "हवेत?" हो, हवेत.

मराठीत विचारलं का इंग्लिशमध्ये, ते आत्ता आठवायला बसले तर आठवतच नाहीये.