गोळी सोडायची घाई कोणाला आहे?

आमच्या ट्रकच्या लाईनवरची पोरं फोन करतात आणि एकच विचारतात, भाऊ ती अफूच्या नशेवरची जिभेखालची गोळी तू बंद कशी केली आणि त्रास किती दिवस झाला. मी त्यांना उलटं विचारतो, बंद कर म्हणून कोण मागं लागलं, डॉक्टर का मामा? दहातल्या आठ वेळा मामाच निघतो. नाहीतर सासरा, नाहीतर गाडीचा शेठ. डॉक्टरनं बिचाऱ्यानं काहीच म्हटलेलं नसते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरूडहून संत्रा भरायचा, मुलताई-बैतूल करून दिल्लीच्या आझादपूर मंडीत नाहीतर जयपूरला टाकायचा, माल नासायच्या आत पोचायचं म्हणजे झोप हा विषयच नाही. ढाब्यावर चहाच्या बरोबरीनं डोडा मिळायचा, अफूच्या बोंडाचा भुसा, पाण्यात कालवून घ्यायचा. राजस्थानात तर त्याची परवान्याची दुकानं होती, ती २०१६ ला बंद झाली, मग काय, माल चोरून आणि महाग, आणि माणसं डोड्यावरून काळ्या अफूवर. मी त्याच रांगेतला. पुढं मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत गेलो, तिथं ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हीच जिभेखालची गोळी, सुरू झाली आणि खरं सांगतो, माणसात आलो. घरी पैसे येऊ लागले, पोरीच्या शाळेच्या मीटिंगला जाऊ लागलो.

आता ही गोळी करते काय, तर डोक्यात अफूची जी जागा असते तिथं जाऊन घट्ट बसते, पण अफूसारखी पूर्ण चढत नाही, एका मर्यादेच्या वर तिचा असर वाढतच नाही. तलप राहत नाही, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, लागत नाही, आणि माणूस झिंगतही नाही. आमचा मामा मात्र भर पंगतीत, "काय बे भाचा, अजूनई गोईवरच हाय काय तू? मर्दासारखी फेकून दे नालीत!" एक नशा सोडून दुसरी धरली म्हणणारे गावात खूप आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत टाकलं, आता ती यादी करणाऱ्यांपेक्षा मामाला जास्त समजते असं धरायचं असेल तर धरा. शुगरच्या गोळीला कोणी मर्दानगी विचारत नाही. कित्येक लोक वर्षानुवर्षं ही गोळी घेऊन नोकरी, शेती, संसार सगळं करतात, त्यांनी ती सोडलीच पाहिजे असा काही नियम नाही राजेहो.

मला सोडायची होती कारण दर खेपेला ओपीडीला जाण्यात दिवस मोडायचा आणि डॉक्टरलाही वाटलं की आता जमेल. संत्र्याच्या आंबिया बहाराची गर्दी दिवाळीच्या आसपास, मृग बहाराचा माल मार्चपर्यंत, त्यानंतर गाडी उभीच असते, म्हणून शेवटचा टप्पा उन्हाळ्यात घ्यायचा ठरवलं. त्याआधी कितीतरी महिने डोस हळूहळू उतरवत आणला होता. घाट उतरताना गाडी लहान गिअरमध्ये ठेवतो ना, तेच. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे कुठं सापडतात ते सगळ्या ड्रायव्हर लोकांना माहीत आहे.

एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. वरचा डोस कमी करताना काही खास वाटत नाही, माणसाला वाटते अरे हे तर सोपं आहे. खरी कसरत २ मिलिग्रॅमच्या खाली. कारण लहानसा डोसही डोक्यातल्या अफूच्या जागांपैकी बराच हिस्सा धरून ठेवतो, त्यामुळं शेवटचा तुकडा दिसायला मुगाएवढा पण काढला की शरीराला मोठी कपात वाटते. म्हणून शेवटी ०.४ मिलिग्रॅमच्या गोळ्या, मग त्याही कमी, प्रत्येक पायरीवर शरीर बसेपर्यंत थांबायचं. पायरी जड गेली तर डॉक्टरला सांगून एक पायरी परत वर चढायचं, यात कोणाच्या बापाचं काही जात नाही.

दुसरी फसवणूक वेळेची. डोडा नाहीतर ब्राऊन शुगर तुटली की त्याच दिवशी जांभया सुरू, दोन-तीन दिवसांत कळस, आठवड्यात उतार. ब्युप्रेनॉर्फिन शरीरातून निघायलाच वेळ घेते, म्हणून शेवटच्या गोळीनंतर पहिला दिवस मस्त जातो, दुसराही बरा जातो, माणूस सगळ्यांना सांगत सुटतो मला तर काहीच झालं नाही, आणि मग सुरू होते. जोर अफूच्या टर्कीपेक्षा कमी असते पण ताणते जास्त, काही आठवडे चिल्लर त्रास चालूच.

आमच्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री. सगळे आंगणात खाटा टाकून, कूलर फुल्ल, आणि मी आतल्या खोलीत वाकळ पांघरून दात वाजवत. अंगावर काटा, पाठीतून घाम, परत काटा. मायनं पाहिलं आणि म्हणाली, "बाप्पा, याले तं हिव भरलं!" तिनं मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, त्या धुरानं मला आणखी शिंका. पायांचं तर विचारूच नका, दुखत नाहीत पण आतून वळवळतात, लांब केले तरी नाही, आखडले तरी नाही. बायको रात्री तेल गरम करून पोटऱ्या चोळायची, "अहो, झोप नाही तर नुसतं पडून तरी राहा" म्हणायची, मी पडायचो आणि परत उठून आंगणभर फिरायचो. फिरल्यानं खरंच बरं वाटते. बादलीत कोमट पाणी घेऊन पाय बुडवून बसलं तरी.

त्यातच साडूच्या पोरीचं लग्न आलं. नाक-डोळे सतत वाहत होते, जांभईवर जांभई, आणि नेमकी पाठवणीची वेळ. नवरीचा काका येऊन माझ्या गळ्यात पडला, "नका रडू पाव्हणे, पोरगी सुखात राहील." मी पण म्हटलं, हो हो. काय सांगणार.

आता कामाचं. या सगळ्या घामा-काट्यामागं नॉरॲड्रेनलीन, म्हणजे शरीराला सावध करणारं रसायन, उसळलेलं असते, अफूनं जे इतके दिवस दाबून ठेवलं ते एकदम मोकळं सुटते. ते खाली आणायला डॉक्टर क्लोनिडीन देतात, पण ते बीपी पण पाडते. उन्हाळ्यात, हगवण लागलेली, पोटात पाणी नाही, त्यात क्लोनिडीन, खाटेवरून झटक्यात उठलं की डोळ्यापुढं अंधार. म्हणून आधी बसायचं, मग उभं राहायचं, आणि गोळी लिहून दिली तेवढीच. हगवणीच्या लोपेरामाईडचंही तेच, जास्त घेतली तर हृदयाची लय बिघडते, मेडिकलवाला पत्ता भरून देतो म्हणून खायची नसते. ओआरएस घरात आणून ठेवा, नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ. मला तर ज्वारीची आंबील आणि ताक यांनी तारलं, पोळी-भाजी पाहिली की मळमळायचं.

झोप सगळ्यात शेवटी परत येते. इथंच घोटाळे होतात. कोणी म्हणते दोन पेग मार, कोणी म्हणते अमक्याकडून झोपेची गोळी आण, कोणी अंगदुखीसाठी ट्रॅमाडॉल देते. ट्रॅमाडॉल ही अफूच्याच घरातली, २०१८ पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, तिनं आराम पडणारच, आणि मग तीच लागणार. आणि अफूच्या कुळातल्या कोणत्याही गोष्टीवर दारू नाहीतर झोपेची गोळी पडली तर झोपेतच श्वास थांबू शकतो.

आणि हे तर प्रत्येकानं घरच्यांना वाचून दाखवावं. गोळी सुटल्यावर शरीराची जुनी ताकद राहत नाही. आधी जेवढा माल पचत होता तेवढाच परत एकदा घेतला तर तो जीव घेऊ शकतो. आमच्या लाईनवर असं झालेलं आहे, नाव लिहीत नाही. कोणी घोरत पडला, ओठ निळे, हलवलं तरी उठत नाही तर पहिलं १०८, कुशीवर वळवा, आणि काय घेतलं ते खरं सांगा. त्यावर नॅलोक्सोन नावाचं औषध असते, वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. म्हणूनच म्हणतो, तलप आवरतच नसेल तर लपून डोड्याकडं जाण्यापेक्षा ओपीडीत जाऊन परत गोळी सुरू करा. मात्र त्याआधी अफू घेतली असेल तर कधी घेतली ते सांगा, कारण अंगात अफू असताना ही गोळी घेतली तर टर्की एका झटक्यात अंगावर येते.

घरात बाईमाणूस या गोळीवर असेल आणि दिवस गेले असतील तर आपल्या मनानं अजिबात बंद करायची नाही, पोटातल्या बाळाला धोका आहे, डॉक्टर म्हणेल ते. आणि जिथं डॉक्टर नसताना कोंडून ठेवून एका दिवसात सगळं बंद करतात अशा ठिकाणी पोराला टाकू नका. आमच्या एका क्लीनरला तसं टाकलं होतं, परत आला तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. दवाखाना कुठं आहे हे कळत नसेल तर १४४४६ वर फोन करा, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत.

गाडीचं राहिलंच. शेवटच्या पायऱ्यांवर आणि त्यानंतर झोप रुळावर येईपर्यंत स्टेअरिंगला हात लावू नका, अर्ध्या झोपेचा ड्रायव्हर आणि नशेतला ड्रायव्हर यात समोरून येणाऱ्याला काही फरक पडत नाही. मी तेवढे दिवस वावरात संत्र्याच्या झाडांची आळी साफ केली, मजुरी वाचली आणि रात्री थोडी तरी डुलकी लागायची. आता नागपूर, अमरावतीपर्यंतच्याच फेऱ्या घेतो. जुन्या शेठचा सीझनला फोन येतो, दिल्लीचं भाडं आहे, डबल देतो म्हणते. मी म्हणतो इथल्या नागपूरच्या कळमना मंडीचं असलं तं सांगा.