आमची वाटचाल: टॉवरच्या पायथ्याशी

२००८ साली मिरजेत फर्म काढली तेव्हा मोबाइल टॉवरचं काम मागेल त्याला मिळत होतं. फाउंडेशन, अर्थिंग, डीजी (डिझेल जनरेटर), बॅटरी बँक, सगळं केलं. ती वर्षं बरी गेली.

२ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टानं मोबाइल कंपन्यांची १२२ लायसन्सं रद्द केली आणि टॉवरवरचे भाडेकरू, म्हणजे ऑपरेटर कंपन्या, उतरू लागले. लाइनीतल्यांना सांगायला नको, लोखंड तेच, जागेचं भाडं तेच, वॉचमन तोच. दुसरा ऑपरेटर चढला की त्याचा बहुतेक पैसा नफ्यात जातो, उतरला की तेवढाच खड्डा.

तो मार सोसला. खरा दणका २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. डेटा फुकट झाला, बाकीच्यांची कमाई आटली. आमचा सगळ्यात मोठा क्लायंट (नाव घेत नाही) बिलं दाबून बसला. साइट डाऊन झाली, म्हणजे टॉवर बंद पडला, की पेनल्टी आमच्याच बिलातून, म्हणून त्याच्या डीजीत डिझेल मी पदरच्या पैशानं भरत होतो. पुढे तो एनसीएलटीत, म्हणजे दिवाळखोरीच्या कोर्टात, गेला. तिथे पैसे मिळतात आधी बँकांना, मग आम्हा व्हेंडरांना. मग म्हणजे कधी, ते विचारू नका.

त्यातच सांगलीच्या एकानं आमची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) निम्म्या दरात उचलली. बॅटरीच्या सेलची व्होल्टेजं साइटवर न जाता घरी बसून लॉगबुकात भरली की निम्मा दर परवडतोच!

तारलं फायबरनं. फायबर जोडायच्या सेकंडहँड स्प्लायसिंग मशीनला निम्मे पैसे केबलवाल्या अण्णांनी घातले. फायबर कापायच्या क्लीव्हरचं ब्लेड बोथट झालं की जॉइंटला ०.२ डीबी लॉस (सिग्नलची गळती), म्हणजे किलोमीटरभर फायबरएवढा. ओटीडीआरचा (लॉस मोजायच्या मशीनचा) ट्रेस स्वतः बघितल्याशिवाय अण्णा क्लोजर, म्हणजे जॉइंटचा डबा, बंद करू द्यायचे नाहीत. पेमेंट मात्र पाच तारखेच्या आत. आजही त्यांचंच काम आधी होतं.

नव्या पोरांना सांगतो, वर्क ऑर्डर घेण्याआधी ऑपरेटरचा तिमाही निकाल वाचा. एबिटडा (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीची कमाई) बघून भुलू नका. टॉवर, फायबर, स्पेक्ट्रमचा घसारा आणि कर्जाचं व्याज त्याच्या खाली असतं. २०१९ च्या एजीआर निकालानं (सरकारी शुल्क कोणत्या उत्पन्नावर मोजायचं, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल) ऑपरेटरांवर थकबाकीचा बोजा पडला, तेव्हा कात्री आधी कुणाच्या बिलाला लागली, आम्हाला विचारा. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी करा, ४५ दिवसांत पैसे देण्याचा कायदा बिलावर छापा.

त्या बुडालेल्या क्लायंटकडचा आमचा क्लेम अजून एनसीएलटीच्या यादीत आहे. फर्मचं नाव चुकीचं छापलंय, रक्कम बरोबर आहे.